बातमी कोणी आणली?

यंदा आमच्या शाळेतील वादविवाद स्पर्धेस "समाजातील हिंसेस प्रसारमाध्यमेच जबाबदार आहेत" हा विषय ठेविला होता. मुलांनी तयारी चांगली केली होती. अनुकूल बाजूच्या वक्त्यांनी चित्रपटांतील मारामाऱ्या, मोबाईलवरील बंदुकांचे खेळ आणि रात्री बातम्यांच्या वेळी पडद्यावर चालणारा आरडाओरडा यांचा पाढा वाचला. प्रतिकूल बाजूने सांगितले की, सुरीने भाजी चिरता येते आणि गळाही, त्यात सुरीचा दोष काय? टाळ्या दोन्ही बाजूंस सारख्याच पडल्या. परीक्षक या नात्याने मी गुण दिले खरे, परंतु मनाचे समाधान झाले नाही. दहा मुले बोलली. पण कोणत्या गावी, कोणत्या दिवशी, कोणी कोणास मारले आणि मारणाऱ्याने त्यापूर्वी काय वाचले अथवा पाहिले होते, हे एकानेही सांगितले नाही. ज्या प्रश्नाशी माणसांचे जीव बांधलेले आहेत, त्याचा विचार माणसे बाजूस सारून करणे मला बरे वाटत नाही. म्हणून विद्यार्थी बंधुभगिनींनो, त्या दिवशी जे सांगावयाचे राहिले ते येथे सांगतो. आणि तुमच्या आईवडिलांनीही हा लेख वाचावा अशी विनंती करतो, कारण यात त्यांचा भाग तुमच्याहून अधिक आहे.

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाडा म्हणून एक आदिवासी वस्तीचे गाव आहे. १ जुलै २०१८ रोजी रविवार होता व गावचा आठवडे बाजार भरला होता. त्या बाजारात पाच पुरुष एस.टी.तून उतरले. ते नाथपंथी डवरी गोसावी जमातीचे होते आणि बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढे तालुक्याचे राहणारे होते. भिक्षा मागत गावोगाव फिरणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. बायकामुले मागे पालात होती. त्यांच्यापैकी एक जण एका लहान मुलीशी बोलला, एवढे निमित्त झाले. "मुले पळविणारी टोळी" असा शब्द बाजारात उठला. लोकांनी त्या पाचांस धरिले, मारिले, ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडिले आणि तेथे ते मरेपर्यंत मारिले. काही जण मारीत होते, काही जण मोबाईल उंच धरून चित्रे घेत होते. पोलीस आले ते थोडे होते. त्यांनाही जमावाने जुमानले नाही. मूल कोणाचेही पळविले गेले नव्हते.

हा शब्द बाजारात आला कोठून? त्या दिवसांत देशभर मोबाईलवर काही चित्रफिती फिरत होत्या. त्यांतील एकीत असे दिसे की, गल्लीत मुले क्रिकेट खेळत आहेत, मोटारसायकलवर दोघे जण येतात आणि एका पोराला उचलून पसार होतात. ही फीत खोटी नव्हती, आणि खरीही नव्हती. ती पाकिस्तानात, कराची शहरी, हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने पालकांस सावध करण्याकरिता मुद्दाम तयार करविली होती. मूळ फितीच्या शेवटी ते दोघे परत येतात, मुलाला जागच्या जागी उतरवितात आणि मूल पळविण्यास किती थोडा वेळ लागतो हे सांगणारा फलक दाखवितात. कोणीतरी हा शेवटचा तुकडा कापून टाकिला. सावध करणारी गोष्ट शेपूट तोडताच भेडसावणारी झाली. त्याच सुमारास मृत बालकांची काही छायाचित्रे फिरत होती. ती सिरिया देशात २०१३ साली झालेल्या विषारी वायूच्या हल्ल्यातील होती, पण ती आपल्याकडील मुलांची आहेत असे खाली लिहिले होते. राईनपाड्याच्या बाजारात कांदे घेण्यास आलेल्या माणसाने कराची किंवा सिरिया कशावरून ओळखावे?

येथे क्षणभर थांबावे असे मला वाटते. कारण प्रसारमाध्यमांवर नेहमी जो आरोप होतो, तो या प्रकरणास नीट लागू पडत नाही. आरोप असा असतो की, माध्यमे लोकांत द्वेष भरतात. त्या संदेशांनी द्वेष शिकविला असे दिसत नाही. डवरी गोसाव्यांचे नावही त्यांत नव्हते. ते संदेश गावोगाव पोहोचले ते आईबापांच्या मायेच्या पाठीवर बसून. "आपल्या लेकरांना सांभाळा," एवढेच ते म्हणत होते, आणि लेकरू कोणास प्रिय नाही? द्वेषाचे पत्रक हाती आले तर दहांतले चार जण तरी ते फाडून टाकितील. लेकरांना सांभाळा असे सांगणारा कागद कोण फाडील?

आणखी एक गोष्ट मनास फार लागते. डवरी म्हणजे डौर वाजविणारा. हे लोक, तसेच वासुदेव, पिंगळा, गोंधळी, नंदीबैलवाले, बहुरूपी, हे सारे एके काळी आपल्या खेड्यांचे वर्तमानपत्रच होते असे म्हणावयास हरकत नाही. घाटावर पाऊस पडला की नाही, कोणत्या गावी पटकी आली, पलीकडल्या तालुक्यात जोंधळा काय भावाने गेला, हे ज्या काळी छापखाना गावापासून शंभर कोस दूर होता त्या काळी यांच्याच तोंडून कळे. ते आणीत ती प्रत्येक बातमी खरी असे, असा माझा दावा नाही; वाढवून सांगणे हा त्यांच्या कलेचाच भाग होता. पण बातमी आणणारा माणूस समोर ओटीवर बसलेला असे. त्याला पाणी द्यावे लागे, पसाभर धान्य द्यावे लागे, आणि "हे तू स्वतः पाहिलेस काय रे बाबा?" असे विचारता येई. पुढल्या वर्षी तो त्याच वाटेने परत यावयाचा असल्यामुळे फार खोटे बोलणे त्याला परवडत नसे. त्या जुन्या वर्तमानपत्राला नव्याने ठार मारावे, ही राईनपाड्याची गोष्ट मी कितीही वेळा वाचली तरी माझ्याने पुरती वाचवत नाही.

माध्यमांवरील तक्रार मात्र जुनी आहे, आणि तिची एक हकीकत तर आपल्या उंबरठ्याशी घडली आहे. कर्नाळ्याचा सुळका ज्या गावातून दिसतो त्या शिरढोणास आपण सहलीने जातो, आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे स्मारक पाहतो, हार घालतो आणि वडापाव खाऊन परत येतो. ते ४ नोव्हेंबर १८४५ रोजी येथे जन्मले. पुण्यात लष्करी हिशेबाच्या कचेरीत ते कारकून होते. १८७० नंतरच्या दशकात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुण्यात देशी व्यापार व देशाचे दारिद्र्य या विषयावर व्याख्याने दिली, ती ऐकावयास फडके जात. पुढे १८७६-७७ चा दुष्काळ त्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि १८७९ च्या फेब्रुवारीत रामोशी व कोळी यांना बरोबर घेऊन त्यांनी बंड उभारिले. जुलैत ते पकडले गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात वारले. आता पाहा, तीच व्याख्याने गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनीही ऐकिली होती. त्यांनी काय केले? स्वदेशी कापडाचे व्रत घेतले आणि १८७७ च्या दिल्ली दरबारास ते खादीच्या वेषात गेले. शेकडो इतर श्रोत्यांनी ती ऐकिली आणि घरी जाऊन जेवण केले. शब्द एक, आणि फळे तीन. सरकारास मात्र संशय आला तो बोलणाऱ्याचा. रानड्यांची त्याच वर्षी नाशिकहून धुळ्यास बदली झाली आणि तेथे त्यांचे टपाल फोडून पाहिले जात असे, हे रमाबाई रानड्यांच्या आठवणींत नमूद आहे. धुळे हे नाव या लेखात दोनदा यावे हा केवळ योगायोग.

याहून प्रसिद्ध प्रकरण १८९७ सालचे. पुण्यात प्लेगची साथ आली, तिच्या बंदोबस्तास रँड या अधिकाऱ्याची नेमणूक झाली आणि गोरे शिपाई घरोघर शिरून रोगी शोधू लागले. देवघरापर्यंत बूट गेले, बायकांची तपासणी रस्त्यावर झाली अशा तक्रारी होऊ लागल्या. २२ जून रोजी, व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाच्या रात्री, चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली. त्याच्याबरोबर आयर्स्ट हाही मारला गेला. त्याआधी बरोबर एक आठवडा, १५ जूनच्या 'केसरी'त, शिवराज्याभिषेकाच्या उत्सवातील भाषणांची हकीकत छापून आली होती आणि तीत अफजलखानाच्या वधाची चर्चा होती. झाले! पंधरा आणि बावीस यांच्यामध्ये सातच दिवस, म्हणून लेखणी हे कारण आणि गोळी हे कार्य, असा हिशेब मांडण्यात आला. टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी राजद्रोहाची व्याख्या अशी काही सांगितली की, सरकारविषयी प्रीती नसणे हाच गुन्हा ठरावा. सहा युरोपियन ज्यूररांनी दोषी म्हटले, तीन हिंदी ज्यूररांनी निर्दोष म्हटले आणि १४ सप्टेंबरला अठरा महिन्यांची शिक्षा झाली. माझ्या मते पुण्याच्या लोकांचा संताप वर्तमानपत्राने निर्माण केला नव्हता. तो त्यांच्याच उंबरठ्यावर तयार झाला होता. 'केसरी' त्या दिवशी निघालाच नसता तरी रँडविषयीचा राग एका मासाने कमी झाला नसता.

तथापि या प्रकरणातील एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, आणि मला पुढे तिचा उपयोग करावयाचा आहे. सरकारास टिळक सापडले, कारण त्यांचे नाव पत्रावर होते. त्यांच्याबरोबर मुद्रकासही आरोपी केले होते (तो निर्दोष सुटला). १८६७ च्या कायद्याने या देशात असे बंधन घातले होते की, छापलेल्या प्रत्येक कागदावर तो कोणी व कोठे छापला हे लिहिलेच पाहिजे. हा कायदा परक्या सरकारने आपल्या सोयीकरिता केला होता, यात संशय नाही. पण त्याचा एक परिणाम असा झाला की, मराठी वाचकाला तीन पिढ्या कागदाच्या तळाशी एक नाव वाचण्याची सवय लागली. नाव असल्यामुळे शिक्षा होई, आणि नाव असल्यामुळेच विश्वासही बसे.

मी माध्यमांची वकिली करीत आहे असे कोणी समजू नये. ती खरोखर अपराधी ठरली आहेत अशीही उदाहरणे आहेत. आफ्रिकेतील रवांडा देशात १९९३ साली एक रेडिओ केंद्र सुरू झाले. चटकदार गाणी, विनोद, गप्पागोष्टी यांमुळे ते लोकप्रिय झाले. हळूहळू त्यावरून तुत्सी जमातीच्या लोकांस झुरळे म्हणण्यास आरंभ झाला आणि १९९४ च्या एप्रिलपासून तीन महिने जो संहार चालला, त्यात सुमारे आठ लक्ष माणसे मारली गेली. तेव्हा कोणाला शोधावयाचे, कोठे शोधावयाचे, हे त्या केंद्रावरून नावानिशी सांगितले जात होते. पुढे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने टांझानियातील आरुशा शहरी खटला चालवून ३ डिसेंबर २००३ रोजी त्या केंद्राच्या दोघां सूत्रधारांस आणि एका वर्तमानपत्राच्या संपादकास दोषी ठरविले. अपिलात त्यांच्या शिक्षा कमी झाल्या, परंतु अपराध पुसला गेला नाही. येथे सुरी व भाजी हा दृष्टान्त कोणी दिला तर मी त्याला शून्य गुण देईन. तेथे बोलणारा नुसता बोलला नव्हता. त्याने बोट दाखवून माणूस दाखविला होता.

चित्रपट आणि खेळ यांविषयी थोडक्यात आटोपतो, कारण पालकसभेत याच विषयावर निम्मा वेळ जातो. अमेरिकेत आल्बर्ट बांडुरा यांनी १९६१ साली लहान मुलांसमोर एका मोठ्या माणसाकडून रबरी बाहुलीस बदडवून घेतले. मग ती मुलेही बाहुलीस तशीच बदडू लागली. मूल अनुकरण करते, हे आपल्या आज्यांना स्टॅनफर्ड विद्यापीठाचे नाव न ऐकताही ठाऊक होते. मारामारीचे खेळ तासन्‌तास खेळणे वाईट. त्याने अभ्यास बुडतो, झोप बुडते आणि जीभही कडवट होते. पण राईनपाड्याच्या बाजारातले पुरुष काही खेळ खेळून आले नव्हते. बाहुलीस मारणाऱ्या मुलास ती बाहुली आहे हे माहीत असते. त्या बाजारात लोकांची अशी खात्री होती की, आपण मुलांचे रक्षण करीत आहोत.

आता आपल्या गावाकडे येतो. २०१८ च्या जून महिन्यात, शाळा नुकतीच सुरू झाली असता, पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक संदेश आला. "रायगड जिल्ह्यात टोळी आली आहे, साधूच्या, भिकाऱ्याच्या, गोधड्या विकणाऱ्यांच्या वेषात फिरते, मुलांना एकटे पाठवू नका," असा मजकूर आणि खाली एक चित्र. दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गातील पाच मुली गैरहजर. पोलीस ठाण्यात चौकशी केली, तेथे मूल पळविल्याची एकही फिर्याद नव्हती. तेव्हा मी मुलांना एक वेगळाच गृहपाठ दिला. घरी कोणाकडे हा संदेश आला असेल त्याने तो कोणाकडून आला ते सांगावे. त्या माणसास फोन करून त्याला कोणाकडून आला ते विचारावे. आणि असे मागे मागे जाऊन नावे वहीत लिहून आणावीत.

मुलांना हा गृहपाठ फार आवडला. भूगोलात ती नदीचा उगम शोधतात, तसेच हे. चार दिवसांनी वह्या आल्या. कोणाचा संदेश पेणच्या मामाकडून आला होता, कोणाचा उरणच्या बंदरातील सोबत्याकडून, कोणाचा भिवंडीच्या गोदामात काम करणाऱ्या चुलत्याकडून. फळ्यावर सगळी नावे मांडून रेघा ओढल्या. बहुतेक रेघा तिसऱ्या नावापाशी तुटल्या, एक पाचव्या नावापर्यंत गेली. त्या पाचव्या गृहस्थांनी सांगितले, "एका ग्रुपवर आले होते, त्यात दोनशे माणसे आहेत, मी त्यातला कोणालाच ओळखत नाही." फळ्यावर त्यांच्या नावापुढे आम्ही एक रिकामा चौकोन काढला.

परंतु मला जे शिकावयास मिळाले ते त्या रिकाम्या चौकोनाहून भरलेल्या नावांपासून मिळाले. ती सारी माणसे भली होती. त्यांतील कित्येक माझ्या परिचयाची आहेत. मुलांनी विचारले, "तुम्हांला हे खरे वाटले काय?" तेव्हा बहुतेकांनी एकच उत्तर दिले: "खोटेच असेल, पण म्हटले, खबरदारी म्हणून पुढे पाठवावे." हे वाक्य मी त्या चार दिवसांत इतक्या वह्यांत वाचले की, ते मला पाठ झाले. वर्तमानपत्राचा संपादक जर म्हणाला असता की, बातमी खोटी असेल, पण खबरदारी म्हणून छापिली, तर आपण त्याला काय म्हटले असते? आणि तरीही आपण प्रत्येक जण आज संपादक आहोत, मुद्रक आहोत, घरोघर अंक टाकणारा पोऱ्याही आहोत. फक्त तळाशी नाव नाही. राईनपाड्यानंतर, त्याच जुलैत, त्या कंपनीने पुढे ढकललेल्या संदेशावर "फॉरवर्डेड" अशी खूण दाखविण्यास आरंभ केला आणि भारतात एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी संदेश पुढे पाठविता येणार नाही असा निर्बंध घातला. निर्बंध चांगला आहे. पण पाचांनी पाचांना, त्या पंचविसांनी पुन्हा पाचांना, हा हिशेब सातवीतील मुलगाही करील.

शिक्षेचे काय, असे कोणी विचारील. १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हत्या रोखण्यासाठी सरकारांस सविस्तर निर्देश दिले. ते आवश्यकच होते. ज्याने काठी मारिली तो काठीचा जबाबदार, यात दुमत नाही आणि "मोबाईलवर आले होते" ही सबब न्यायालयात चालू नये. पण ज्याने सकाळी न्याहारी करताना, अंगठ्याने, प्रेमापोटी, तो संदेश पुढे ढकलला, त्याचे नाव कोणत्याही फिर्यादीत येत नाही. त्याला स्वतःलाही ते कधी आठवत नाही.

त्याच १ जुलैच्या रात्री, शेजारच्या नाशिक जिल्ह्यात मालेगावी, हाच संशय एका पाच जणांच्या कुटुंबावर आला. त्यांच्याजवळ एक लहान मूलही होते. जमाव मोठा होता आणि त्याने पोलिसांच्या गाडीवरही राग काढला. पण पोलिसांनी माघार न घेता त्या पाचही जणांस जिवंत बाहेर काढिले. अफवा एकच, दिवस एकच. एके ठिकाणी पाच प्रेते आणि दुसरीकडे पाच जीव. हे दुसरे गाव आमच्या वादविवादात कोणाच्याच तोंडी आले नाही. प्रतिकूल बाजूला ते फार उपयोगी पडले असते, कारण अफवा आणि प्रेत यांच्यामध्ये नेहमी काही माणसे उभी असतात, आणि ती काय करितात यावर पुष्कळ काही ठरते. अनुकूल बाजूने यावर १६ एप्रिल २०२० च्या रात्रीचे उदाहरण द्यावयास हवे होते. पालघर जिल्ह्याच्या डहाणू तालुक्यात गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा मोटारचालक ऐन टाळेबंदीत अंत्यविधीसाठी सुरतेकडे निघाले असता मारले गेले. तेथेही चोर आणि मुले पळविणारे आल्याची अफवा होती. तेथे पोलीस असूनही ते वाचले नाहीत. आणि माध्यमांचे काम त्यानंतर दुसऱ्यांदा सुरू झाले. मारणारे अमुक धर्माचे होते असा पुकारा इतका माजला की, राज्याच्या गृहमंत्र्यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून तीत एकही मुसलमान नाही, असे सांगावे लागले. पहिल्या अफवेने तिघांचे प्राण घेतले होते. त्यांच्या चिता विझतात न विझतात तोच दुसरी अफवा आणखी माणसे शोधावयास निघाली होती. ही पुढची अफवा पसरविणाऱ्यांत तर नाव व चेहरा असलेलेही काही होते. अशांना मी भले म्हणणार नाही.

आपल्या शाळेत महामार्गाच्या दोन्ही अंगांची मुले येतात. कोणाचे वडील मालमोटार चालवितात, कोणाचे एस.टी.त आहेत, कोणाची आई पनवेलच्या बाजारात भाजी घेऊन बसते आणि डोंगराच्या कुशीतील कातकरी वाडीवरील मुलांचे आईबाप दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जातात ते पावसाच्या तोंडाशी परत येतात. म्हणजे आपल्यापैकी निम्म्यांच्या घरातील कोणीतरी वर्षातून काही महिने दुसऱ्याच्या गावात परका असतो. कर्नाळ्यात जो अनोळखी दिसतो त्याला आपण निरखून पाहतो. आपला बाप दुसऱ्या गावात निरखला जातो.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी आठवीतील एका मुलाचे वडील मला शाळेत भेटावयास आले. त्याआधीच्या मोसमात भट्टीवरून परतताना एका अनोळखी गावात त्यांनी शाळेजवळच्या नळावर पाणी मागितले होते, तेव्हा लोक भोवती जमले आणि तासभर त्यांना व त्यांच्या बायकोला बसवून ठेवून प्रश्न विचारीत होते. कोणी हात लावला नाही. सरपंच आले आणि त्यांनी सोडून दिले. एवढे सांगून ते म्हणाले, "गुरुजी, शाळेच्या कागदावर लिहून द्या. माझं नाव, गावाचं नाव, पोरगा तुमच्या शाळेत शिकतो ते. खाली शिक्का मारा."

मी म्हटले, "तुमच्याजवळ आधार कार्ड आहे ना?"

"आहे की," ते म्हणाले, "पण ते हातात घेऊन कोण वाचतो? शिक्का लांबून दिसतो."

मुख्याध्यापकांच्या परवानगीने मी कागद लिहिला. अक्षर मोठे काढिले. नाव, वाडी, तालुका, मुलाची इयत्ता. खाली माझी सही, शाळेचा गोल शिक्का आणि तारीख. त्यांनी तो दोन वेळा घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत ठेविला, ती पिशवी सदऱ्याच्या आतल्या खिशात सारली आणि ट्रक सायंकाळी निघावयाचा आहे म्हणून ते घाईने वाडीकडे चालू लागले.